पोर्ट, स्टारबोर्ड आणि एक उलटा हुकूम

जहाजावर सरळ डावं-उजवं म्हणायचं सोडून पोर्ट आणि स्टारबोर्ड कशाला, उगाच साहेबी तोरा, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला हे मुळीच पटत नाही. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांचं 'उजवं' एक नसतं. वादळात कोणी 'उजवीकडे!' ओरडलं, तर कोणाच्या उजवीकडे? स्टारबोर्ड ही जहाजाची बाजू. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं की उजव्या हाताला येते ती. तुम्ही पाठ फिरवा नाहीतर कोलांटी मारा, ती जागची हलत नाही.

आणि यात ताऱ्यांचा काही संबंध नाही बरं का. जुन्या इंग्रजीतल्या मूळ शब्दाचा अर्थ सुकाणूची बाजू. तेव्हा सुकाणू मागे मधोमध नसे. रुंद पात्याचं एक वल्हं उजव्या कडेला लावलेलं असे, कारण बहुतेक माणसं उजव्या हाताची. ते धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत. डाव्या बाजूला पोर्ट, म्हणजे बंदर, हे नाव त्यातूनच आलं.

त्याआधी डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणत. स्टारबोर्ड, लारबोर्ड! घोंघावणाऱ्या वाऱ्यात काय डोंबल कळणार? ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये लारबोर्डला रजा दिली, अमेरिकी नौदलाने १८४६ मध्ये. जुनं ते सोनं म्हणत बसले नाहीत, हे उत्तम केलं.

सुकाणूच्या हुकमाबाबत मात्र हेच शहाणपण सुचायला फार उशीर झाला. हुकूम असे सुकाणूच्या दांड्यासाठी. दांडा उजवीकडे ढकलला की जहाज वळतं डावीकडे. पुढे दांड्याच्या जागी चाक आलं, हुकूम तेच राहिले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर मर्डॉक या अधिकाऱ्याने 'हार्ड अ-स्टारबोर्ड' (दांडा पूर्ण उजवीकडे) म्हटलं ते जहाज डावीकडे घ्यायला, आणि ते डावीकडेच वळलं. खलाशी गोंधळला आणि त्याने चाक उलटं फिरवलं, ही कहाणी लोक रंगवून सांगतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. पद्धतच ती होती आणि चाकावरच्या माणसाच्या ती अंगवळणी पडलेली होती. अखेर १९२९ च्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराने हुकूम सरळ केला: स्टारबोर्ड म्हटलं की जहाजानेच उजवीकडे वळायचं.

राहता राहिलं 'पॉश'. भारतात येताना पोर्टकडची, परतताना स्टारबोर्डकडची सावलीची केबिन, आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं, P.O.S.H.; त्यातूनच म्हणे 'पॉश' हा शब्द आला! गोष्ट झकास आहे, फक्त असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. तेव्हा कृपा करून ती मला पुन्हा फॉरवर्ड करू नका.