खारट पाण्यात जिवाणू नुसता मरत नाही

‘मिठात जिवाणू मरतात, म्हणून खारातल्या कैऱ्या टिकतात’, असं इथल्या एका लेखात एका वाक्यात उरकलंय. हे अर्धंच झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी लिहितोय.

आमच्या परड्यामागे खाडी. मे महिन्यात पाणी जिभेला लावलं तर तोंड वाकडं होतं. मिरगाचा पाऊस जोरात लागला की तेच पाणी आठवड्याभरात मचूळ. तिथला जिवाणू दोन्ही ऋतू काढतो. कसा, ते सगळ्यात नीट कळलंय आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूवरून.

बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी ओढलं जातं. ते धरून ठेवायला जिवाणू आधी भराभर पोटॅशियम आत घेतो. मग जनुकांची पाळी. पेशीच्या आतल्या पडद्यातलं एन्व्ह-झेड हे प्रथिन ओम्प-आर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं. असे ओम्प-आर वाढले की ते डीएनएवर बसून ओम्प-एफचं जनुक दाबतात आणि ओम्प-सीचं चालू करतात. दोन्ही जनुकांची प्रथिनं म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणातली भोकंच, पण सीचं अंमळ लहान. पुढे प्रोलिन, बिटेन असे पाणी धरून ठेवणारे छोटे रेणू आत ओढणाऱ्या प्रथिनांची जनुकंही जागी होतात, कारण पोटॅशियमचा साठा फार काळ परवडत नाही.

आणि अचानक गोडं पाणी आलं तर? तेव्हा जनुकांना वेळच नसतो. पडदा ताणला जातो, त्यातल्या झडपा मिलिसेकंदांत उघडतात, साठवलेलं बाहेर फेकलं जातं, पेशी फुटत नाही.

लेखकाने यावर पुढचा भाग जरूर लिहावा. आमच्याकडची शाळेतली मुलं रोज ही खाडी ओलांडतात.