मंगळवासींना घाबरून अमेरिका पळाली नव्हती

पत्रकारितेच्या वर्गापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे ही गोष्ट फिरते: ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं मंगळवासींच्या हल्ल्याचं, बातमीपत्राच्या थाटातलं नाटक सीबीएस रेडिओवर लागलं, ते खरं समजून अख्खी अमेरिका रस्त्यावर आली, म्हणजे माध्यमं सांगतील ते लोक मुकाट मानतात. ही गोष्ट अजूनही पुरावा म्हणून शिकवली जाते, हे वाईट आहे.

‘अख्खा देश ऐकत होता.’ त्याच रात्री रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या हूपर कंपनीने सुमारे ५,००० घरी फोन करून रेडिओवर काय लागलंय ते विचारलं होतं. वेल्सचं नाटक सांगणारे जेमतेम २ टक्के. त्याच वेळी एनबीसी या दुसऱ्या रेडिओवर एडगर बर्गन या शब्दभ्रमकाराचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम होता. ६० लाख श्रोत्यांचा आकडा आला तो सुमारे सहा आठवड्यांनी, पेपरांतून गाजावाजा होऊन गेल्यावर केलेल्या पाहणीतून.

‘ऐकणारे सगळे फसले.’ त्याच पाहणीप्रमाणे नाटकाला खरी बातमी समजलेले १७ लाख, घाबरलेले १२ लाख. बाकीच्यांनी नाटकच ऐकलं. मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिलच्या या घबराटीवरच्या प्रसिद्ध अभ्यासात मुलाखती १३५, त्याही मुख्यतः न्यू जर्सीतल्या. त्यातले शंभराहून अधिक जण घाबरले होते म्हणूनच निवडलेले. अशा नमुन्यावरून देशाची टक्केवारी काढता येत नाही. लोक का घाबरले, एवढं मात्र त्यातून नीट कळतं.

‘मंगळवासी आले यावर विश्वास बसला.’ नाटक असल्याची घोषणा सुरुवातीलाच झाली होती. बरेच जण उशिरा स्टेशन फिरवून आले आणि थेट ‘बातमीपत्रात’ पडले. महिन्याभरापूर्वी म्युनिकच्या पेचप्रसंगात, हिटलरमुळे युरोपात युद्ध पेटेल अशी भीती असताना, कार्यक्रम थांबवून खऱ्या बातम्या अशाच येत होत्या. त्यामुळे कित्येकांना हा जर्मनांचा हल्ला वाटला.

‘रेडिओने सांगितलं, लोकांनी मानलं.’ उलट, अनेकांनी खात्री करून पाहिली. फरक पडला तो कशी केली यात. कँट्रिलच्या नोंदींत एकाने खिडकीतून पाहिलं: रस्ता गाड्यांनी भरलेला, म्हणजे लोक पळताहेत. दुसऱ्याला रस्त्यावर एकही गाडी दिसली नाही. त्याने ताडलं, पुढचे रस्ते उद्ध्वस्त झालेत. मनाने आधीच ठरवलं असेल तर खिडकीतलं काहीही पुरावा होतं. ज्यांनी दुसरं स्टेशन लावलं किंवा पेपरातलं रेडिओचं वेळापत्रक उघडलं, त्यांना मात्र हे नाटक आहे हे लगेच कळलं.