खुलासा: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही

‘जुना सोफा ऑनलाइन विकताना गिऱ्हाइकाने पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतात’ हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर समोरच्याचं नाव आणि ‘पे’ दिसतं. पिन टाकला की रक्कम आपल्याच खात्यातून जाते. पैसे घ्यायला यूपीआय आयडी पुरतो, यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआयही हेच सांगते. ‘आधी एक रुपया पाठवून बघतो’ ही अशा गिऱ्हाइकाची विश्वास बसवायची युक्ती. पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा आणि मगच सोफा जिन्यावरून खाली उतरवा. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.