बंडू आला, बंडू गेला

ब्रिटनच्या नागरिकत्वाच्या अर्जात एक गरीब दिसणारा रकाना आहे. गेल्या 5 वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, कधी परतलात, कुठं आणि कशासाठी. सगळं मिळून 450 दिवसांच्या वर जाता कामा नये, शेवटच्या 12 महिन्यांत 90 च्या वर नको. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस धरत नाहीत, तेवढीच मेहेरबानी. वर आणखी एक पाचर: ज्या दिवशी अर्ज कराल, त्याच्या बरोबर 5 वर्षं आधी तुम्ही ब्रिटनमध्ये असायला हवं. माझा बेत एप्रिलअखेरीस अर्ज टाकायचा. आणि 2021 च्या एप्रिलअखेरीस मी सांगलीत आईच्या ऑपरेशनच्या धावपळीत.

पासपोर्टात शिक्के असतील की, असं कुणालाही वाटेल. इथून निघताना शिक्का मारतच नाहीत. मुंबईत मारतात, पण 36 पानांपैकी वीसेक पानं कोरी असताना प्रत्येक साहेबाला आधीच्या साहेबाच्या शिक्क्यावरच शिक्का मारायची हौस. मोबाइलच्या टॉर्चखाली भिंग धरून बसलो. नोव्हेंबर वाचता आला. पुढं 1 आहे, 7 आहे की भिंगाला चिकटलेला केस, कळेना. ईमेलात तिकिटं सापडली, तर एकाच प्रवासाची तीन: काढलेलं, रद्द झालेलं, पुढं ढकललेलं. यातल्या नेमक्या कुठल्या विमानात मी बसलो, हे मलाच सांगता येईना.

खणखणीत पुरावा एकाच मुक्कामाचा निघाला. 23 एप्रिल 2021 ला कोरोनामुळं भारत ब्रिटनच्या लाल यादीत गेला आणि परतल्यावर मला विमानतळाजवळच्या हॉटेलात 10 दिवस कोंडलं. 1,750 पौंड. पावती अजून आहे. पण ते दिवस ब्रिटनमधलेच, म्हणजे रकान्यात लागतच नाहीत.

आई म्हणाली, "अप्पांना विचार, ते लिहून ठेवतात."

अप्पा म्हणजे माझे थोरले काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रोज रात्री डायरी लिहितात. मी रविवारी फोन लावला.

"कुठलं साल?"

"2023. दिवाळीला आलो होतो."

"थांब." कपाट उघडल्याचा आवाज. मग चष्म्याचा शोध, तो कपाळावरच निघाला. "हं. 6 नोव्हेंबर. नळाला पाणी 5.40. पावणेसातला गेलं."

"अप्पा, मी आलो तो दिवस..."

"मधे बोलू नकोस, ओळ चुकते. 7 नोव्हेंबर. पाणी नाही. 8 नोव्हेंबर. डावा गुडघा."

"डावा गुडघा काय?"

"दुखला असणार. 9 नोव्हेंबर, वसुबारस. बंडू आला. चहात साखर नको म्हणाला. गॅस संपला, दुसरा लावला."

मी 9 लिहून घेतलं. उडी मारून पुढच्या तारखेवर जावं, तर अप्पांच्या लेखी डायरी म्हणजे पोथी, मधली पानं सोडायची नाहीत. धनत्रयोदशी झाली, पाडवा झाला, पाणी दोनदा गढूळ आलं. तासभरानं आवाज आला, "23 नोव्हेंबर. बंडू गेला. गॅस 14 दिवस पुरला."

"म्हणजे?"

"म्हणजे 14 दिवस पुरला. एरवी सव्वा महिना जातो."

आता दिवाळीत घरात पंधरा माणसं, चार डबे चकल्या, रोज पहाटे बंबाऐवजी गॅसवर अंघोळीचं पाणी. मी त्या घरी कपभर बिनसाखरेचा चहा घेत होतो. पण नोंद कुणाच्या नावापुढं झाली? अडीच वर्षं हे वाक्य त्या कपाटात पडून आहे आणि मला पत्ता नाही. कागदावर मी तेवढंच लिहिलं: गॅस?

मग ध्यानात आलं, की या तारखांचा उपयोग शून्य. अप्पांनी लिहिलाय तो सांगलीत आल्याचा दिवस. मधे विमान, मुंबईची रात्र, मग ठाण्याला ताईकडं मुक्काम. जातानाही तेच. वर मुंबईहून सुटणारी विमानं रात्री दोनची; घरचे शनिवारी रात्री डोळे पुसून परत जातात आणि शिक्का रविवारचा बसतो. 2021 ला तर मुंबईत उतरल्यावर आधी विलगीकरण होतं. मी हे अप्पांना समजावून सांगितलं.

"मग त्याआधी कुठं होतास?"

"भारतात होतो."

"सांगलीत पोचेपर्यंत आला म्हणत नाहीत. सांग तुझ्या सरकारला."

सरकारला काय सांगणार? 2015 पासून देशाबाहेर जाणाऱ्यांचीही नोंद ते ठेवतात, विमान कंपन्या प्रवाशांच्या याद्या पाठवतात. म्हणजे उत्तरपत्रिका त्यांच्या टेबलावर, आणि मी भिंग घेऊन बसायचं. फी दीड हजार पौंडांच्या वर, अर्ज नाकारला तर पाण्यात. शिवाय अर्जदाराचं चारित्र्य चांगलं असावं अशीही अट आहे, म्हणजे तारीख चुकली की संशय थेट तिथंच. एवढी वर्षं कर भरलाय. कर कापताना कुणी मला तारखा विचारल्या नव्हत्या.

शेवटी बँकेच्या कार्डावर जुळलं. लंडनच्या विमानतळावर दर खेपेला निघताना मी सँडविच घेतो आणि महाग म्हणून चरफडतो, त्याच्या नोंदी होत्या. परतीला रेल्वेचं भाडं. अर्ज जूनवर ढकलला.

सोमवारी फोन वाजला. अप्पा.

"2022 चा गणपती सापडला. 31 ऑगस्ट. 'बंडू येणार होता. आला नाही. मोदक उरले.' हे लिहिलंस का?"

"अप्पा, त्यांना मी इथून गेलो तेव्हाचं हवंय. तिथं आलो नाही त्याचं नाही."

"गैरहजेरीच विचारलीय ना त्यांनी?"

"हो, पण..."

"मग हे कुठल्या रकान्यात भरायचं?"

"अप्पा, इथं पहाटेचे साडेचार वाजलेत."

"बरं. पाणी आलं का?"