बर्फाची वाट आणि मानशीची दारं

इथे कॅनडातल्या लहान शहरांत हिवाळा जवळ आला की एक वाद हमखास पेटतो: बागेतून स्केटिंगसाठी बर्फाची वाट करायची की नाही. हौशी मंडळींच्या डोळ्यांसमोर असतो ओटावाचा रिडो कालवा. १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून तिथे गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग चालतं, आणि आता ती वाट ७.८ किलोमीटरची आहे. विरोधक लगेच आठवण करून देतात, की २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो एक दिवसही उघडता आला नाही. वाहत्या कालव्यावर माणसं सोडायची तर सुमारे ३० सेंटिमीटर पक्का बर्फ लागतो, आणि आता हिवाळ्याचा भरवसा उरलेला नाही.

जमिनीवर दहा सेंटिमीटरही चालतो. पण हिशेब करा: चार मीटर रुंद, एक किलोमीटर लांब वाटेला सुमारे ३ लाख ७० हजार लिटर पाणी, आणि जमिनीत मुरेल ते वेगळं. तेही एकदम ओतायचं नाही. आधी जमीन गोठलेली हवी. तिच्यावरचा हिम रोलरनं दाबायचा, मग उणे १० अंशांखालच्या रात्री बारीक फवारा, तीन-चार मिलिमीटरचा एकेक थर, आणि आधीचा थर पुरता गोठल्याशिवाय पुढचा नाही. घाईनं जाड थर ओतला की वरची साय गोठते, खालचं पाणी मुरून जातं आणि मधे पोकळी राहते. स्केटचं पातं तिथेच आत जातं. शंभरात एक एवढा सौम्य उतार असला तरी पन्नास मीटरांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो, म्हणून वाट उताराला आडवी न्यावी लागते. वाळलेलं एक पान राहिलं तरी ते ऊन शोषून भोक पाडतं. बुटांना चिकटून आलेलं रस्त्यावरचं मीठही तेच करतं.

मग कुणीतरी टोरंटोचा दाखला देतो. गार्डिनर एक्सप्रेसवे या उंच महामार्गाखालच्या बेंटवे या सार्वजनिक जागेत २२० मीटरची वाट २०१८ मध्ये सुरू झाली. शीतयंत्रावर चालते, ऊबदार दिवसांतही टिकते. पण काँक्रीट, नळ्या आणि विजेचं बिल कायमचं गळ्यात पडतं. छोट्या गावानं त्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या गोव्यातल्या ग्रामसभा यापेक्षा कडाक्याच्या होतात, आणि त्याला कारण आहे. इथली वाट मार्चमध्ये वितळते, खाली गवत उगवतं. आपल्याकडे डोंगर कापला की तो परत येत नाही. जमीन कुणाची, परवानगी कुणी दिली, हे तिथे ओरडून विचारावंच लागतं. परदेशात बसून ‘आमच्याकडे किती शांतपणे चर्चा होते’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

एका गोष्टीत मात्र दोन्हीकडे सारखीच पोकळी आहे. रात्री दोन वाजता पाइप घेऊन उभं कोण राहणार, हा प्रश्न इथल्या बैठकीत सगळ्यात शेवटी येतो. स्वयंसेवकांचा उत्साह जानेवारीच्या मध्यापर्यंत टिकतो. आपल्या खाजनांचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांचंही तसंच. मानस म्हणजे बांधातला पाणी सोडायचा दरवाजा; मानशीची दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. रचना इतकी सुबक, की देखभाल लागत नाही असंच वाटावं. पण बांधाला खेकडे भोकं पाडतात, चिखल धुपतो, आणि दार एकदा कुजलं की खारं पाणी शेतात शिरतं. मासळीसाठी कुणी दार मुद्दाम उघडं ठेवलं तरी तेच.

इथल्या गावाला माझा सल्ला: पहिल्या वर्षी तीनशे मीटरच करा, नळ्या नकोत, आणि फवारणाऱ्या दोन माणसांचा पगार ठरावातच लिहा. आपल्याकडे मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. त्याच्या पैशातून बांध सांभाळायचा, ही जुनी रीत. तर मग लिलावाची बोली लागते त्याच बैठकीत, कुठल्या बांधाची भोकं पावसाळ्याआधी कोण बुजवणार, हे नावानिशी का लिहून घेत नाहीत?