कुलपाचं चिन्ह म्हणजे खात्री नव्हे

ऑनलाइन खरेदीतल्या फसवणुकीवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण ‘वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की निर्धास्त पैसे भरा’ हा त्यातला सल्ला कृपया बदला. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की भामटा, हे त्यावरून कळत नाही. ज्यामुळे हे कुलूप दिसतं ते प्रमाणपत्र आज फुकट मिळतं आणि बनावट दुकानंही ते घेतात. गूगलने तर याच गैरसमजामुळे २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून कुलपाचं ते चिन्ह काढून टाकलं.

त्यापेक्षा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. बनावट पत्त्यातही ओळखीचं नाव सुरुवातीला असू शकतं, पण खरा मालक कळतो तो (सुरुवातीचं ‘https://’ सोडून) पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीच्या भागावरून. माझ्या बहिणीला नेमकं इथेच फसवलं गेलं, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

विक्रेता कार्ड नाकारून थेट खात्यात पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता येतात. स्वतः पाठवलेली रक्कम सहसा परत येत नाही. आणि परतावा मिळवायला ओटीपी कधीच द्यावा लागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगा.