उड्डाण पुढं ढकललं गेलं, म्हणून श्रीहरिकोट्याची सहल वाया गेली का?

नमस्कार,

श्रीहरिकोट्याला, म्हणजे इस्रोच्या प्रक्षेपण केंद्राच्या बेटावर, अंतराळयानाचं उड्डाण पाहायला जाण्याबद्दलच्या आमच्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलं आहे आणि त्या रागातला बराचसा भाग रास्त आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख वाचून तुम्ही घरच्यांसह चेन्नईपर्यंत गेलात, उड्डाण ऐनवेळी दुसऱ्या दिवसावर गेलं, परतीची तिकिटं काढलेली असल्यामुळे अर्धी मंडळी न पाहताच परतली. जे थांबले त्यांना जेमतेम अर्धा मिनिट दिसलं, मग ढग आले, आणि परतताना गाडीही चुकली. 'याहून टीव्हीवर चांगलं दिसतं, आणि अमेरिकेत पर्यटकांना जवळ नेतात, इथे मात्र लांब बसवतात,' असं तुम्ही लिहिलंत.

आधी आमची चूक. लेखात आम्ही 'चेन्नईहून एका दिवसात होण्यासारखी सहल' असं लिहिलं होतं. अंतराच्या हिशेबानं ते खरं आहे, पण उड्डाणाच्या हिशेबानं नाही. ते वाक्य आज काढून टाकलं. जाहीर झालेली तारीख ही 'या तारखेच्या आधी नाही' एवढंच सांगते. ही एक गोष्ट ठळकपणे लिहिली असती तर तुमची तिकिटं वाया गेली नसती.

पण तुम्ही पुढं जे लिहिलंत, की शेवटच्या तासात उड्डाण थांबवणं म्हणजे तयारीतला ढिसाळपणा, ते आम्हाला मुळीच मान्य नाही. का, ते नीट सांगतो.

घन इंधनाची मोटर एकदा पेटली की विझवता येत नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही या यानाचा पहिला टप्पा घन इंधनाचा, त्याहून मोठं एलव्हीएम३ हे यान बाजूच्या ज्या दोन एस२०० बूस्टरवर उठतं तेही घन इंधनाचे. म्हणजे शंका घ्यायची ती पेटवण्याआधीच. जीएसएलव्ही या तिसऱ्या यानात तर ही काळजी डोळ्यांना दिसते. त्याची बाजूची चार द्रव इंधनाची इंजिनं मधल्या घन मोटरच्या सुमारे पावणेपाच सेकंद आधी पेटतात. तेवढ्या वेळात संगणक चारही इंजिनांचा जोर तपासतो, आणि सगळं ठीक असेल तरच मधली मोटर पेटवतो. २८ मार्च २००१ ला पहिल्या जीएसएलव्हीच्या वेळी ही इंजिनं पेटली, पण एकाचा जोर पुरेसा चढला नाही. संगणकानं सगळी बंद केली आणि यान जागेवरच उभं राहिलं. तेच यान १८ एप्रिलला उडालं. २१ ऑक्टोबर २०२३ ला माणसाला अंतराळात नेण्याच्या गगनयान मोहिमेच्या चाचणी उड्डाणात ५ सेकंद उरले असताना गणती थांबली, कारण सापडलं आणि सकाळी १० वाजता उड्डाण झालं. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ च्या पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी होतं. ते ५६ मिनिटं आधी थांबलं आणि २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी झालं.

या शेवटच्या उदाहरणात पर्यटकाच्या कामाची एक गोष्ट आहे. तारीख हलली की घड्याळातली वेळही हलू शकते, कारण ती चंद्राच्या जागेवर किंवा उपग्रहाच्या कक्षेवर ठरते. मध्यरात्रीची तयारी करून गेलेल्याला भर दुपारी उन्हात बसावं लागू शकतं. टोपी आणि पाणी, टॉर्च आणि पातळ शाल, हे सगळं एकाच पिशवीत असू द्यावं.

थांबण्याची कारणं यानातच असतात असंही नाही. पीएसएलव्ही-सी५९ हे ४ डिसेंबर २०२४ ला उडायचं होतं. प्रोबा-३ या युरोपीय उपग्रहात गडबड दिसली म्हणून ते दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजून ४ मिनिटांनी उडालं. कधी वरून जाणारा उपग्रह किंवा भंगाराचा तुकडा वाटेत येणार असतो, मग एक-दोन मिनिटं इकडंतिकडं करतात. तुमच्या शेजारी कुणीतरी म्हणालं ना, 'पाऊस आला, आता रद्द'? नुसत्या पावसानं सहसा अडत नाही. अडतं ते विजांमुळे आणि वरच्या थरांतल्या जोरदार वाऱ्यांमुळे. त्यासाठी उड्डाणाआधी फुगे सोडून वारा मोजत राहतात.

म्हणून पुढच्या वेळचा आराखडा असा करा. जाहीर तारखेनंतर दोन मोकळे दिवस हाताशी ठेवा. परतीचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा. मुक्काम श्रीहरिकोट्याच्या तोंडाशी न करता तिरुपती किंवा चेन्नईला करा, म्हणजे उड्डाण ढकललं तरी दिवस रिकामा जात नाही. मुंबई-पुण्याहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या रेणिगुंटा-अरक्कोणममार्गे जातात, त्यांच्या वाटेवर सुल्लुरपेटा, म्हणजे श्रीहरिकोट्याचं जवळचं स्थानक, लागत नाही. ते चेन्नई-गुडूर मार्गावर आहे. रेणिगुंट्याला उतरून तिरुपतीत मुक्काम केला तर तिथून गाडीनं सुल्लुरपेट्याला येणं सोयीचं पडतं. बालाजीचं दर्शन बहुतेक मराठी कुटुंबांच्या यादीत असतंच. ते उड्डाणाच्या आधी उरकू नका, नंतरसाठी ठेवा. उड्डाण सरकलं तर दर्शन आधी घेता येईल.

सुल्लुरपेट्याहून बेटावर जायला पुलिकत सरोवरातून काढलेला सरळ रस्ता आहे. तो एकच. जाताना लोक तासातासानं पांगून येतात, पण परतताना सगळे एकाच वेळी निघतात आणि तिथेच दोन-तीन तास मोडू शकतात. तुमची गाडी याच कारणानं चुकली. उड्डाणानंतर सहा तासांच्या आतली कुठलीही रेल्वे किंवा विमान धरू नका.

प्रवेशाचं थोडक्यात: लाँच व्ह्यू गॅलरी, म्हणजे लोकांनी बसून उड्डाण पाहायची जागा, ३१ मार्च २०१९ ला सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी पीएसएलव्ही-सी४५ लोकांनी तिथून पाहिलं. प्रवेश फुकट आहे, पण सतीश धवन अंतराळ केंद्राच्या, म्हणजे श्रीहरिकोट्याच्या केंद्राच्या, संकेतस्थळावर आधी नोंदणी लागते. ती उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते आणि गाजलेल्या मोहिमेला बघता बघता भरते. घरातल्या प्रत्येकाच्या ओळखपत्राचे क्रमांक एका कागदावर लिहून तयार ठेवा, कारण अर्ज भरताना पाकीट शोधण्यात जागा जाते. नोंदणीत दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात सोबत न्या. उड्डाण ढकललं तर जुनी नोंदणी चालेल हे गृहीत धरू नका, सूचना पुन्हा वाचा.

आता 'लांब बसवतात' याबद्दल. अमेरिकेतही कुणाला यानाच्या पायथ्याशी नेत नाहीत. केनेडी अंतराळ केंद्रातली सगळ्यात जवळची मानली जाणारी बैठकही लाँच पॅडपासून सहा किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथे तिकीट पडतं. नासाच्या आर्टेमिस-१ या चंद्रमोहिमेसाठी जगभरातून आलेले लोक २९ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबर २०२२ असे दोनदा हात हलवत परतले, ते यान उडालं १६ नोव्हेंबरला. अंतर ठेवावंच लागतं. एलव्हीएम३ उभं राहतं तेव्हा त्याचं वजन सुमारे ६४० टन असतं आणि त्यातला फार मोठा भाग इंधनाचा. जीएसएलव्हीच्या बाजूच्या इंजिनांतलं द्रव इंधन आणि ते जाळायला लागणारं ऑक्सिडायझर, दोन्ही विषारी आहेत. शिवाय श्रीहरिकोट्यात घन इंधन तयार होतं, मोटरी भरल्या जातात. ते बेट म्हणजे कारखाना आहे. एरवीच्या दिवशीही तिथे मोकळं हिंडता येत नाही ते त्यामुळेच.

आणि इथेही सहा किलोमीटर धरले तर ४४ मीटर उंचीचं पीएसएलव्ही पौर्णिमेच्या चंद्राहून किंचित लहान दिसतं. म्हणजे नुसत्या डोळ्यांना एक पांढरी काडी. ८x४२ किंवा ७x५० ची दुर्बीण न्या, त्याहून जास्त शक्तीची हातात स्थिर राहत नाही.

'टीव्हीवर चांगलं दिसतं' यावर मात्र आम्हाला आग्रहानं सांगायचं आहे. टीव्हीवर जास्त दिसतं हे खरं, पण गॅलरीत काय पाहायचं हे ठाऊक असलं तर ते टीव्हीवर मिळत नाही. पहिले काही सेकंद सगळं नि:शब्द असतं. यान उठलेलं दिसतं, आवाज नाही. उजेड दिसला की सेकंद मोजायला लागा. आवाज पोचेपर्यंत झालेल्या आकड्याला तीननं भागलं की किलोमीटरमधलं अंतर येतं. मुलांना हे करायला द्या, ते आयुष्यभर विसरत नाहीत. मग येतो तो आवाज छातीत बसतो, आणि त्यात फाटल्यासारखा कडकडाट असतो. टीव्हीचा माइक तो दाबून टाकतो.

पीएसएलव्हीच्या एक्सएल प्रकारात बाजूला बांधलेल्या सहा छोट्या मोटरींपैकी (स्ट्रॅप-ऑन) चार जमिनीवरच पेटतात आणि उरलेल्या दोन साधारण २५ व्या सेकंदाला हवेत. सुमारे ७० सेकंदांनी पहिल्या चार सुटतात. आकाश स्वच्छ असेल आणि दुर्बीण रोखलेली असेल तर ते कळतं. ११० सेकंदांच्या सुमारास पहिला टप्पा संपतो. एलव्हीएम३ चे एस२०० दोन मिनिटांनंतर सुटतात, पण मधली द्रव इंधनाची इंजिनं त्याआधीच पेटलेली असतात. दोन-अडीच मिनिटांनी डोळ्यांचं काम संपतं, आणि लोक उठून गाड्यांकडं धावतात. तुम्हीही तेच केलंत. उठू नका. पीएसएलव्हीला पहिला उपग्रह सोडायला बहुधा १७-१८ मिनिटं लागतात आणि गॅलरीतल्या पडद्यावर उंची-वेगाची रेषा चालू असते. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ जमिनीवरून निर्दोष दिसलं, बिघाड झाला तो तिसऱ्या टप्प्यात. पहिली दोन मिनिटं पाहून उठणाऱ्याला हे कळलंच नसतं.

ढगांवर कुणाचा ताबा नाही, पण निवड आपल्या हातात असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळांचे दिवस असतात. तुम्ही गेलात ते नेमक्या त्याच काळात. जानेवारी ते मार्च आकाश बरंच निवळतं. त्यातही सूर्योदयाच्या जरा आधीचं किंवा सूर्यास्तानंतर लगेचचं उड्डाण मिळालं तर सोडू नका. जमिनीवर अंधार आणि वर धुराच्या शेपटीवर ऊन पडलेलं असतं. २९ जानेवारी २०२५ चं जीएसएलव्ही-एफ१५, म्हणजे श्रीहरिकोट्याहून झालेलं शंभरावं उड्डाण, सकाळी ६ वाजून २३ मिनिटांचं होतं.

फोटोबद्दल विचारलंत म्हणून: रात्रीच्या उड्डाणात फोन आपोआप अंधाराला जुळवून घेतो आणि ज्वाला नुसती पांढरी फटक होते. पॅडच्या दिव्यांवर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा, थोडं कमी करा आणि व्हिडिओ चालू करून फोन कठड्यावर टेकवून द्या. नंतर त्याच्याकडं बघू नका.

गॅलरीत जागा मिळालीच नाही, तर चेकपोस्टच्या अलीकडं पुलिकतच्या रस्त्यावरूनही उड्डाण छान दिसतं, पाण्यात प्रतिबिंबासकट. गाडी मात्र रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरवून लावा. आणि चेन्नईतच अडकलात तर मोहीम ध्रुवीय कक्षेची, म्हणजे पृथ्वीच्या ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहाची, आहे का ते पाहा. पीएसएलव्हीची अशी उड्डाणं आग्नेयेकडं, समुद्रावरून जातात, म्हणून रात्रीच्या वेळी चेन्नईच्या किनाऱ्यावरून उत्तरेला क्षितिजाशी उठलेला केशरी ठिपका ईशान्येकडं सरकत चढताना दिसतो.